तहसीलदार निवडताना पूर आणून बघा!

सेनगावच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मित्रांनो, एक प्रश्न आहे. मुख्य परीक्षा आता १,७५० गुणांची, मुलाखत २७५ची. पण कयाधूला पूर आलाय, बोट एकच आहे आणि फोन तीन गावांतून येतायत, तेव्हा तुम्ही काय कराल, हे कुठं तपासलं जातं?

लष्करी अधिकारी निवडायला एसएसबी पाच दिवस घेते. दोरी-फळ्या देऊन गटाला अडथळे पार करायला लावते. कोण नुसता हुकूम सोडतो, कोण ऐकून घेऊन निर्णय घेतो, ते तिथंच कळतं.

मग तहसीलदारासाठी असा लुटुपुटूचा पूर का नको? क्लासवाले त्याचंही गाईड काढतील, काढू देत! तिथं चुकलं तर गुण जातील. खऱ्या पुरात माणसं जातात.