कुपीवरची खूण

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. संबंधितांवर कारवाईही झाली. पण निलंबनाने प्रश्न सुटतो काय?

पोलिओ लसीच्या कुपीवर वर्तुळात चौकोनाची खूण असते. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की लस बाद. डोस देण्यापूर्वी ही खूण पाहण्याचा नियम पाळला असता, तर ती दुसरी बाटली बालकांच्या ओठांपर्यंत पोहोचलीच नसती.

पवनीसारख्या तालुक्याच्या गावी खेड्यापाड्यांतून येणारा रुग्ण कुपीवरचे इंग्रजी वाचत नाही. तो विश्वासाने दंड पुढे करतो. त्या विश्वासाला जागायचे, तर प्रत्येक दवाखान्यात रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी दरवेळी पडताळल्या गेल्याच पाहिजेत. जंतुनाशके औषधांच्या टेबलावर नकोत. सुई टोचण्यापूर्वी कुपी दुसऱ्या सहकाऱ्यानेही पाहावी. मात्र, एकाच परिचारिकेवर संपूर्ण रांग सोपवून या शिस्तीची अपेक्षा करता येणार नाही. पुरेसे मनुष्यबळ देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यात कुचराई करून केवळ खालच्या कर्मचाऱ्याला दोषी ठरवणे न्याय्य नव्हे.