ब्रिजला चेहरा हवा, पण कोणाचा?

२०१८ मध्ये जकार्ता इथल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडी प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्न वर्षांचे. पदक जिंकल्यावरही हा जुगार नाही, यात नशिबाला फारसा वाव नाही, हे सरकार यांना लोकांना समजावून सांगावं लागलं. पाच वर्षांनी हांगझोमधल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्य जिंकलं. त्या संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. दोन्ही बातम्या एका दिवसापुरत्या छापल्या गेल्या आणि विसरल्या गेल्या.

म्हणून ब्रिज खेळणाऱ्यांच्या बोलण्यात एक सूचना वारंवार येते. एखादा नट किंवा क्रिकेटपटू आणा, त्याला पत्ते हाती घेऊन बसवा, म्हणजे तरुण मुलं वळतील. ही सूचना उडवून लावण्यासारखी नाही. ब्रिज बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दाखवत नाही. चार माणसं गप्प बसलेली असतात. स्पर्धेत तर बोलीही तोंडाने लावत नाहीत, बोलीची कार्डं टेबलावर ठेवतात. सगळी चुरस डोक्यात चाललेली असते : समोरच्याने अमुक बोली लावली, पहिलं पान हे टाकलं, म्हणजे बदामाची राणी कोणाकडे असेल? ही चुरस दिसायला खेळ कळावा लागतो आणि कळायला कोणीतरी महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. घरात कोणी खेळत नसेल, तर मुलाची आणि ब्रिजची गाठ बहुधा पडतच नाही. अमेरिकेतल्या ब्रिज संघटनेच्या सभासदांचं सरासरी वय सत्तरीच्या आसपास गेलं आहे. खेळ चांगला असला की लोक आपोआप येतात, असं म्हणणाऱ्यांनी हे वय लक्षात घ्यावं.

शिवाय प्रसिद्धीचं ब्रिजला कधीच वावडं नव्हतं. आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट यांनी १९२५ मध्ये एका जहाजप्रवासात बसवली, पण तो खेळ घराघरांत नेला तो ईली कल्बर्टसन यांनी. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सिडनी लेन्झ यांच्याशी दीडशे रबरांची लढत सुरू केली, ती जानेवारीपर्यंत चालली आणि वर्तमानपत्रांनी ती एखाद्या मोठ्या मुष्टियुद्धासारखी छापली. कल्बर्टसन यांनी स्वतःला आणि पत्नी जोसेफिन यांना ठरवून प्रसिद्ध केलं आणि त्या प्रसिद्धीवर आपली पुस्तकं विकली. पुढे चार्ल्स गोरेन १९५८ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले आणि पुढच्याच वर्षापासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्यांचा ब्रिजचा कार्यक्रम दिसू लागला. ही माणसं बाहेरून आणलेली नव्हती. खेळानेच त्यांना मोठं केलं होतं.

बाहेरून आलेला, आणि तरीही खेळाचा झालेला, असा माणूस ब्रिजला एकच मिळाला : ओमर शरीफ. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘डॉक्टर झिवागो’ या चित्रपटांतला हा इजिप्शियन नट पन्नासच्या दशकात चित्रीकरणातल्या फावल्या वेळात ब्रिज शिकला. १९६४ च्या ब्रिज ऑलिम्पियाडमध्ये तो आपल्या देशाकडून खेळला, म्हणजे ‘झिवागो’ पडद्यावर येण्याच्या आधीच. १९६७ मध्ये त्याने ‘ओमर शरीफ ब्रिज सर्कस’ काढली. इटलीच्या विख्यात ‘ब्लू टीम’मधले बेनितो गारोझ्झो, जॉर्जो बेलादोन्ना, पिएत्रो फोर्के यांच्यासारखे जगज्जेते सोबत घेऊन तो गावोगाव प्रदर्शनी सामने खेळू लागला. १९७५ मध्ये इटलीच्या लान्चा मोटार कंपनीने त्यांना अमेरिकेत नेलं. तिथल्या संघांनी हरवलं तर त्या संघांना मोटारी मिळणार होत्या, आणि काही शहरांतल्या खेळाडूंनी त्या जिंकल्याही.

शरीफ हरला, आणि सगळ्यांच्या देखत हरला. ब्रिजला त्याच्यापासून काय मिळालं हे समजून घ्यायचं तर मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक नट बघायला येत होते आणि त्यांना खेळणारा माणूस दिसत होता. त्याची चूक पकडणारे जाणकार प्रेक्षकांत बसलेले असत आणि तोही ती मान्य करत असे, कारण टेबलावर त्याला वेगळा न्याय नव्हता. त्याने गोरेन यांच्यासोबत वर्तमानपत्रात ब्रिजचा स्तंभ चालवला आणि नव्वदच्या दशकात संगणकावरच्या ब्रिजलाही नाव दिलं. सिनेमाचा माणूस येऊन फोटो काढून गेला, असं त्याच्याबाबत कोणी म्हणू शकलं नाही.

पण शरीफच्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो कॅसिनोत मोठ्या रकमा हरत असे. १९७० मध्ये लंडनच्या एका हॉटेलात त्याच्या सर्कशीने भरभक्कम पैसे लावून सामना खेळला, तेव्हा ब्रिज आणि पैज ही दोन्ही एकाच बातमीत आली. उतारवयात त्याने ब्रिज सोडला. कामाखेरीज दुसऱ्या कोणत्याही आवडीचं गुलाम व्हायचं नाही, असं तो सांगत असे. ज्या चेहऱ्यावर खेळ उभा केला, तोच चेहरा पाठ फिरवून निघाला तर खेळाने काय करायचं? ब्रिजला याचं उत्तर सापडलं नाही. त्याच्यानंतर तसा दुसरा कोणी आला नाही आणि क्लबांमधल्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या.

प्रसिद्ध माणसांना बोलावताना आणखी एक चूक होऊ शकते. तिचं ताजं उदाहरण ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाचं आहे. गणिताचे पदवीधर रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ मध्ये आला. प्रत्येक खेळाडू हजारो वेगवेगळ्या पत्त्यांमधून स्वतःचा जोड बांधतो आणि दुसऱ्याशी लढतो. १९९६ पासून त्याच्या व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यात उतरायचं तर पात्रता फेऱ्या पार करणं हाच मुख्य रस्ता होता. २०१९ मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीने बॉस्टनला दहा लाख डॉलर बक्षिसांची स्पर्धा भरवली. चौसष्ट खेळाडूंपैकी निम्मे व्यावसायिक होते आणि मोजके ऑनलाइन क्रमवारीतून आले होते. उरलेल्या जागांपैकी बऱ्याच, इंटरनेटवर मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्यांना थेट निमंत्रण देऊन भरल्या होत्या. वर्षानुवर्षं पात्रता फेऱ्या खेळणारे नाराज झाले. ओळखीचा चेहरा असल्याशिवाय नवा प्रेक्षक थांबत नाही, असं या निमंत्रणांची बाजू घेणारे म्हणत होते, आणि त्यातही तथ्य होतं. यान्ने मिक्कोनेन हा दुसऱ्या एका पत्त्यांच्या खेळामुळे प्रसिद्ध झालेला फिनलंडचा खेळाडू निमंत्रणावर आला आणि शेवटच्या चारांत पोहोचला. स्पर्धा जिंकली ती मात्र इटलीच्या आन्द्रेया मेंगुच्ची या व्यावसायिक खेळाडूने.

तिथेच ही गोष्ट संपत नाही. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनीने या खेळाची व्यावसायिक लीग बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच काळात खेळाची विक्री वाढत होती. २०२२ मध्ये या एका खेळाचं उत्पन्न शंभर कोटी डॉलरच्या वर गेलं. गायक पोस्ट मलोन या खेळाचा चेहरा झाला आणि २०२३ मध्ये जगात एकच प्रत असलेलं एक पान त्याने सुमारे वीस लाख डॉलरना घेतल्याची बातमी जगभर गेली. मलोन मनापासून खेळतो; त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. यातल्या एका गोष्टीमुळे दुसरी घडली असंही मी म्हणणार नाही. पण खेळाची प्रसिद्धी आणि खेळातल्या स्पर्धेचं पोषण ही एकच गोष्ट नव्हे, हे इथे स्वच्छ दिसतं. पत्ते खपत राहतात आणि स्पर्धा आक्रसते, असं होऊ शकतं. ब्रिजमध्ये तर विकायला पत्तेही नाहीत. बावन्न पानांचा जोड कोणत्याही दुकानात मिळतो. ब्रिजजवळ द्यायला फक्त स्पर्धाच आहे आणि तिच्यातल्या जागा प्रसिद्धीसाठी वाटल्या, तर मागे काहीच उरत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांनी पत्त्यांसोबत तारे पाहिले ते रमीच्या ॲपच्या जाहिरातींत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं आणि त्या आधारावर हा सगळा धंदा उभा राहिला. घरोघरचे पगार, उधारी आणि गहाणवट त्यात गेली. २०२३ मध्ये तेव्हाचे आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर ऑनलाइन गेमिंगच्या जाहिरातीविरुद्ध आंदोलन केलं, तेव्हा कितीतरी घरांना ते आपलं वाटलं. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यांच्या जाहिरातीसाठीही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

आता त्याच पडद्यावरचा एखादा चेहरा पुन्हा पत्ते घेऊन आला, तर आई-वडील काय समजतील? स्पर्धेतल्या ब्रिजमध्ये तेच वाटप प्रत्येक टेबलावर खेळवलं जातं. तुम्हाला चांगली पानं आली तर दुसऱ्या टेबलावर तुमच्याच जागी बसलेल्यालाही तीच आली असतात आणि त्या पानांचं कोणी काय केलं एवढंच मोजलं जातं. रमीपासूनचा हा फरक तीस सेकंदांच्या जाहिरातीत मावत नाही. मावतो तो फक्त चेहरा आणि हातातली पानं. विरोधातला मला पटलेला सर्वांत जड मुद्दा हाच आहे. ज्याने कधी काळी पैशांच्या खेळाची जाहिरात केली, असा कोणीही, तो कितीही लाडका असो, ब्रिजने घेऊ नये.

केवळ नावासाठी नामवंतांना टेबलावर बसवलं की काय होतं, हे बुद्धिबळाने २०२१ मध्ये पाहिलं. कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी अनेक प्रसिद्ध लोकांशी खेळले. आमिर खान यांच्यासारखे बुद्धिबळाचे खरे शौकीन त्यात होते. पण दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती उद्योजक निखिल कामत यांनी संगणकाची मदत घेऊन आनंद यांना हरवल्याची. कामत यांनी ते कबूल करून माफी मागितली. हेतू चांगला होता, निधीही जमला, आणि तरी जगज्जेत्याच्या समोर खेळाचा मान कमी झाला.

मग नाव असलेल्या माणसाला ब्रिजच्या जवळ येऊच द्यायचं नाही का? असं मी म्हणणार नाही. जकार्तातच इंडोनेशियाचे मायकल बामबांग हार्तोनो खेळत होते. देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक, वय अठ्ठ्याहत्तर. आशियाई स्पर्धेत ब्रिज यावा म्हणून त्यांनी खटपट केली, मग स्वतः संघात बसले आणि कांस्यपदक मिळवलं. आपल्याकडे कलासंग्राहक किरण नाडर त्याच स्पर्धेत मिश्र संघात कांस्य जिंकल्या. अशा लोकांच्या नावाने खेळाला उजेड मिळतो, कारण ते आधी खेळाडू आहेत. बिल गेट्स आणि वॉरन बफे हेही वर्षानुवर्षांचे ब्रिजवेडे. त्यांनी २००५ मध्ये शाळांमध्ये ब्रिज शिकवण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले. तरी अमेरिकेतल्या सभासदांचं वय चढतच राहिलं. जगातली दोन सर्वांत मोठी नावं आणि पैसा एकत्र येऊनही हे घडलं, कारण शाळेच्या वेळापत्रकात तास लागतो आणि त्या तासाला शिकवणारं माणूस लागतं.

पोकरचं उदाहरण मी नाइलाजाने देतो, कारण तो पैशांचा खेळ आहे. पण प्रसिद्धीबद्दल ते बरंच सांगतं. त्याच्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत २००३ मध्ये ८३९ जण होते, पुढच्या वर्षी २,५७६ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ५,६१९. २००३ च्याच सुमारास छुप्या पानांवर लावलेल्या कॅमेऱ्याने प्रेक्षकाला खेळाडूच्या हातातली पानं दिसू लागली आणि क्रिस मनीमेकर नावाचा एक अनोळखी हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन त्या वर्षी जिंकला. हे आपल्यालाही जमेल, असं घरी बसलेल्या माणसाला वाटलं, ते एका सामान्य माणसाकडे बघून.

महाराष्ट्रात हे वाटायला जमीन आधीच तयार आहे. मे महिन्याच्या सुटीत मेंढीकोट खेळलेल्या मुलाला हुकूम म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. समोर बसलेल्या भिडूच्या पानावरून त्याच्या हातात काय असेल हे तो आधीच ताडत असतो. उपनगरी लोकलमध्ये गुडघ्यांवर बॅग ठेवून खेळणाऱ्यांनाही ते येतं. त्यांना कमी पडते ती बोली आणि ती शिकवणारा कोणी.

म्हणून ब्रिज संघटनांपुढे निवड आली, तर माझं मत असं आहे. चेहरा घ्यावा, पण तो ब्रिज खेळणारा असावा आणि स्थानिक स्पर्धेत हरायला तयार असावा. मानधनावर जाणारा प्रत्येक रुपया आधी शिक्षकांच्या खर्चाशेजारी मांडून सभासदांना दाखवावा. हांगझोचं रौप्य जिंकणाऱ्यांच्या डावांचं मराठीतून समालोचन करून, पानं उघडी दाखवून, छोट्या चित्रफिती कराव्यात. त्याला तारा लागत नाही, जाणकार आणि कॅमेरा लागतो. आणि राज्य निवड चाचणीतली एकही खुर्ची, कितीही मोठं नाव दारात उभं असलं तरी, पात्रता फेरी खेळल्याशिवाय कोणाला देऊ नये.