रोडग्याचा मानकरी

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आली की इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून वांगी भाजल्याचा वास सुटतो. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड, राजवाड्यात त्याचे देऊळ. तेव्हा ह्या गावात भरीत-रोडग्याच्या नैवेद्याची थोरवी कोणी कोणास सांगावी असे नाही. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे, कांदा, लसूण त्या दिवशी पुन्हा ताटात येतात. तळी उचलून होते, भंडारा उधळला जातो आणि खंडोबाच्या कुत्र्याचा म्हणून एक घास दारातल्या कुत्र्यापुढे जातो. ही चाल सुंदर आहे व ती टिकावी असेच मला वाटते. माझी तक्रार आहे ती फक्त त्या घासातल्या भरिताविषयी.

कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासमान आहेत. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. त्यांतली गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. भाजल्या-शिजवल्याने ती जात नाहीत. आणि लसूण तर कांद्याहून तीव्र. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्त बिघडू लागते, असे पशुवैद्यकाचे सांगणे आहे. आपल्या घरोघरच्या पाच किलोच्या पामेरियनला, म्हणजे, एक मध्यम कांदा पुरे.

ह्यावर वडीलधारी मंडळींचे उत्तर ठरलेले आहे: आम्ही जन्मभर घातले, एकही कुत्रे मेले नाही. ह्या उत्तराला मान द्यावा, पण ते तपासूनही पाहावे. कांद्याची बाधा त्याच दिवशी दिसतेच असे नाही. बहुधा ती काही दिवसांनी दिसते. कुत्रे मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर-काळपट होते. तोपर्यंत भरिताचे पातेले घासून फळीवर गेलेले असते. माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या एका मुलीच्या घरी असेच झाले. डॉक्टरांनी चार-चारदा विचारले, काय खाल्ले? घरच्यांना सणाचा घास आठवेना. कारण तो ‘खाणे’ ह्या सदरात त्यांच्या लेखी येतच नव्हता; तो प्रसाद होता. कुत्री वाचली, हे तिचे नशीब. गल्लीतले जे कुत्रे कुठल्याशा भिंतीच्या आडोशाला जाऊन पडले, त्यांची मोजदाद कोणी ठेवली?

मौज अशी की आपली मूळ रीत ह्या बाबतीत आपल्याहून शहाणी होती. वैश्वदेवात श्याम आणि शबल ह्या यमाच्या दोन श्वानांच्या नावाने जो बळी काढतात, तो घरच्यांनी जेवण्यापूर्वी. वैश्वदेवाच्या अन्नाला मीठही चालत नाही. म्हणजे कुत्र्याचा वाटा हा उष्ट्याचा नव्हे; तो आधी काढलेला, साधा, अळणी भात. पुढे केव्हातरी आपण आळसावलो आणि पानावर उरलेले त्याच्यापुढे सारू लागलो: चिंच-गुळाची आमटी, फोडणीचा भात, लसणाची चटणी. आणि वर ह्यालाच भूतदया म्हणू लागलो!

सणावारी तर कौतुकाला ऊत येतो. पंचखाद्यातली खिसमिस, शिऱ्यातले बेदाणे, दिवाळीत आलेले चॉकलेट, आजोबांची मधुमेहाची बिनसाखरेची गोळी. चॉकलेट त्याच्या हृदयाला बाधते. बिनसाखरेच्या जिनसांत झायलिटॉल असले तर रक्तातली साखर एकाएकी उतरते. द्राक्षे-बेदाणे मूत्रपिंडावर घाला घालतात. हे का होते ह्याचा उलगडा बरीच वर्षे होत नव्हता. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. आमटीचा उल्लेख वर केला तो ह्यासाठी.

मग दुकानातली बिस्किटे आणावीत काय? जरूर आणावीत, ज्यांना सवड नाही त्यांनी. कुत्र्याचे बिस्किट ही काही आजची चूष नव्हे. 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लंडनमध्ये ती विकायला आरंभ केला. पण ज्या घरात रोज कणीक भिजते, त्या घराने कुत्र्याच्या चार तुकड्यांसाठी चकचकीत पुड्याकडे धाव घ्यावी, हे मला स्वयंपाकघराला कमीपणा आणणारे वाटते. आणि भाकरी म्हणजे कुत्र्याची हेळसांड, असे जे नवशिक्षितांत बोलले जाते तेही खरे नाही. पिष्टमय पदार्थ पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक आहे, असे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली त्याच्या जनुकांवरून दाखवले. आपल्या चुलीशी बसून बसून त्याने ती कमावली आहे.

आमच्याकडे करतात ते असे. दोन वाट्या ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ, वाटीभर उकडून कुस्करलेले रताळे किंवा लाल भोपळा, आणि एक अंडे. अंडे ज्यांच्या घरी येत नाही त्यांनी पाण्यावर भागवावे. मीठ नाही, साखर नाही, तूप नाही. घट्ट मळून जाडसर लाटावे, करंगळीएवढे तुकडे कापावेत, मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करावेत आणि तवा निवेपर्यंत त्यावरच राहू द्यावेत, म्हणजे ओल निघून जाते. पुरते वाळले तर डब्यात आठवडाभर टिकतात. मऊ राहिले तर शीतकपाटात ठेवून तीन-चार दिवसांत संपवावेत. हा खाऊ आहे, जेवण नव्हे. दिवसाच्या आहाराचा दहावा हिस्सा ओलांडू नये. गवयाच्या घरात आंबट-तेलकटाचे पथ्य लहानपणापासून अंगवळणी पडते, त्यामुळे आम्हाला हे जड गेले नाही. शिकवणीला येणारी मुले मात्र अजून खिशातून गोड बिस्किटे काढतात, आणि त्यांच्या पुढ्यातला तो लबाड डोळे मिटून असा बसतो की जणू तंबोरा ऐकतो आहे.

राहता राहिली चंपाषष्ठी. रोडग्यासाठी कणीक भिजवताना मीठ घालण्यापूर्वी लिंबाएवढा गोळा बाजूला काढावा आणि इतर रोडग्यांबरोबरच भाजावा. देवाला नैवेद्य दाखवताना तोही पानात असावा. मग भरिताचा स्पर्श होऊ न देता, निवल्यावर, तुकडे करून त्याच्या मानकऱ्याला द्यावा, आणि शेजारी स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवावे.