गुणपत्रिकेत न मावणारी परीक्षा

अमेरिकेच्या युटा राज्यात हँक्सव्हिल नावाचे एक चिमुकले गाव आहे. त्याच्या भोवतालची भूमी तांबडी, ओसाड आणि घळींनी चिरलेली. मंगळाच्या छायाचित्रांशी तिचे साम्य इतके, की 'मार्स सोसायटी' या संस्थेने मंगळावरील वास्तव्याचा सराव करण्यासाठी आपले केंद्र तेथेच उभारले. 2007 पासून, महामारीची 2020 आणि 2021 ही दोन वर्षे वगळता, जगभरातील विद्यापीठांचे विद्यार्थी स्वतः घडवलेले रोव्हर घेऊन उन्हाळ्याच्या तोंडावर या माळावर उतरत आले आहेत. आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास, मणिपाल, वेल्लोर येथील चमूही तेथे जाऊन आले. आपल्या वृत्तपत्रांत त्याची वार्ता छापून येते ती बहुधा आतल्या पानावर, चार ओळींची.

वास्तविक ही स्पर्धा म्हणजे खेळण्यातल्या गाड्यांची शर्यत नव्हे. मैदानात उतरणाऱ्या रोव्हरचे वजन 50 किलोंच्या वर जाता कामा नये. खर्चालाही नियमांनीच मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे केवळ पैशाच्या बळावर येथे कोणी जिंकू शकत नाही. रोव्हर चालवणारे विद्यार्थी एका बंदिस्त खोलीत बसतात. त्यांना ना रोव्हर दिसतो, ना रस्ता. दिसते ते कॅमेऱ्याने पाठवलेले, मधूनच गोठणारे चित्र. तेवढ्या आधारावर रोव्हर खडकाळ उतारावरून न्यायचा, यंत्रहस्ताने अवजारे उचलून दूरच्या ठिकाणी पोहोचवायची, एका यंत्रपेटीवरील बटणे दाबायची, खिट्टी फिरवायची. एका टप्प्यात तर मानवी हात पूर्णपणे बाजूला ठेवून रोव्हरने स्वतःच वाट शोधायची. दुसऱ्या एका टप्प्यात मातीचा नमुना घेऊन, त्यात जीवसृष्टीची काही खूण आहे काय, याचे सप्रमाण विवेचन परीक्षकांपुढे करावे लागते. म्हणजे यंत्र आणि संगणक यांचे ज्ञान असून भागत नाही; चमूत जीवशास्त्र जाणणारा आणि भूशास्त्र वाचणाराही लागतो. मध्येच रोव्हर अडला आणि हाताने सोडवावा लागला, तर गुण कापले जातात.

टेकडीआड गेल्यावर रेडिओचा संपर्क तुटतो. बारीक वाळू गिअरमध्ये शिरते. कार्यशाळेच्या गुळगुळीत फरशीवर शंभर वेळा बिनचूक चाललेले यंत्र पहिल्याच चढावर चाके फिरवीत जागीच उभे राहते. अशा क्षणी विसाव्या वर्षाच्या मुलाने काय करायचे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नसते.

23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले तेव्हा घराघरांत पेढे वाटले गेले. त्यानंतर चारच दिवसांनी, 26 किलोंच्या प्रज्ञान रोव्हरपुढे तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचे विवर आले. बेंगळुरूच्या नियंत्रण कक्षातून त्याला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि तो नव्या वाटेने निघाला. 2019 मध्ये विक्रम कोसळल्याचे दुःख पचवून, कोठे चुकले याचा काटेकोर शोध घेऊन, ज्यांनी हा दिवस दाखवला त्यांचे कौतुक आपण मनापासून केले, ते योग्यच झाले. परंतु त्याच देशात एखादा मुलगा रात्री अकराला हाताला ग्रीस लावून घरी येतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "या उपद्व्यापाला गुण किती आहेत?" दुसरा प्रश्न प्लेसमेंटचा असतो.

आईवडिलांना सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे ठरेल. शुल्कासाठी कर्ज काढलेले असते आणि हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेला बसू न देणारी महाविद्यालये त्यांनी पाहिलेली असतात. दोष व्यवस्थेचा अधिक आहे. प्रात्यक्षिकाचे जर्नल मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवले तरी चालते. अंतिम वर्षाचा प्रकल्प तयार विकत मिळतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही कोणी बोलत नाही. विकत आणलेल्या प्रकल्पाला गुण आहेत आणि स्वतः घडवलेल्या रोव्हरला मात्र नाहीत, या विसंगतीची कोणाला लाज वाटू नये हे आश्चर्य आहे! अभ्यासक्रम आणि अभ्यासपूरक उपक्रम यांत कडेकोट भिंत नसावी, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्पष्ट म्हटले. अनेक महाविद्यालयांत ती भिंत अजून जशीच्या तशी उभी आहे.

या संदर्भात पोलंडचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. 2011, 2013 आणि 2014 या तीन वर्षी युटाची ही स्पर्धा ब्याविस्तोकच्या तंत्रविद्यापीठाने जिंकली. 2015 व 2016 मध्ये झेशूफच्या चमूने आणि 2018 मध्ये चेंस्तोहोवाच्या चमूने. यांपैकी एकही शहर राजधानी नव्हे, एकाचीही लोकसंख्या तीन लाखांवर नाही. 2014 पासून तर पोलंडमध्येच युरोपची रोव्हर स्पर्धा भरू लागली. आपल्याकडे अशा गोष्टींचा विषय निघाला की आयआयटीकडे बोट दाखवण्याची सवय आहे. जिल्ह्याच्या गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून कोणी अशी अपेक्षाच करीत नाही. आणि शेजारी पाहावे, तर ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठाची मुलेही आपला रोव्हर घेऊन या स्पर्धेत उतरत आली आहेत.

आपल्या चमूंपुढील अडचणी खऱ्या आहेत. सांगाडा आणि चाके येथे घडतात, पण चांगल्या प्रतीच्या मोटरी आणि संवेदक यांतील बरेच काही परदेशातून मागवावे लागते. मोठ्या लिथियम बॅटऱ्या विमानाने नेण्यावर कडक निर्बंध आहेत. व्हिसाची धाकधूक वेगळीच. तरीही सर्वांत मोठे नुकसान होते ते निराळ्या कारणाने. दरवर्षी अंतिम वर्षाची मुले बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर, कोणती मोटर का जळाली, कोणता सांधा कोणत्या धक्क्याने तुटला, हे सारे अनुभवही निघून जातात. पुढची तुकडी त्याच चुका नव्याने करते. ज्येष्ठांनी कनिष्ठांना हाताखाली घेऊन शिकवावे, प्रत्येक अपयशाची नोंद ठेवावी, आणि ती नोंद सांभाळणारा एक तरी प्राध्यापक त्या कामाला कायमचा बांधलेला असावा. यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

विद्यापीठांनी या कामाला अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा दर्जा द्यावा, ही मागणी आहेच. ती समित्यांतून फिरत मान्य व्हायला काळ लागेल. तोवर प्राचार्यांनी आपल्या अधिकारात एक गोष्ट उद्यापासून करावी. महाविद्यालयाची कार्यशाळा संध्याकाळी पाच वाजता कुलूप लावून बंद होते. ती रात्री दहापर्यंत उघडी ठेवावी आणि तेथे एक जाणता कारागीर बसवावा.