ताप उतरला, पण पायांचे काय?

पावसाळा आला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत दवाखान्यांच्या बाकांवर तापाच्या रुग्णांची गर्दी होते. चार-पाच दिवसांत ताप उतरतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण एखाद्याच्या बाबतीत गोष्ट तेथे संपत नाही. आठ-दहा दिवसांनी पायांना मुंग्या येतात, पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. स्टेशनचा जिना चढताना पाय जड होतात आणि दुसऱ्या दिवशी लघवी तुंबते. घरात निदान तयार असते : 'तापाचा अशक्तपणा आहे', नाहीतर 'मणक्यात गॅप आली असेल'. मग टॉनिक, सलाईन, तेलाचे मालिश. यात जे दिवस जातात, तेच खरे मोलाचे असतात.

या विकाराला ट्रान्सव्हर्स मायलायटिस, म्हणजे मज्जारज्जूचा दाह म्हणतात. डेंग्यू, फ्लू, कांजिण्या, नागीण अशा विषाणूंच्या आजारानंतर तो होऊ शकतो. पुष्कळदा विषाणूशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती चुकून मज्जारज्जूवर उलटते. जेथे सूज येते, त्याच्या खाली मेंदूचे हुकूम पोहोचत नाहीत. म्हणून पाय लुळे पडतात, कातडी बधिर होते, लघवी व शौचावरचा ताबा जातो. हा दाह एकापासून दुसऱ्याला होत नाही.

२०२५च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण आढळले, तेव्हा 'संसर्गानंतरचा लुळेपणा' घरोघरी माहीत झाला. तो विकार मज्जारज्जूबाहेरच्या नसांचा, हा खुद्द मज्जारज्जूचा. पण धडा एकच : पायांतील शक्ती अचानक गेली, तर घरी थांबू नये.

रुग्णालयात प्रथम पाठीच्या कण्याचा एमआरआय करतात. मणक्याचा क्षय, गाठ किंवा सरकलेली चकती मज्जारज्जू दाबत असेल, तर उपचार निराळे असतात. तसे नसेल, तर साधारणपणे तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देतात. गुण न आल्यास रक्तातील प्लाझ्मा बदलतात. साधारण एकतृतीयांश रुग्ण चांगले बरे होतात, तितक्यांच्यात काही उणीव राहते आणि उरलेल्यांना मोठे अपंगत्व येते. सुधारणा दोन वर्षांपर्यंतही होत राहते. म्हणून व्यायाम, दर दोन तासांनी कूस बदलणे आणि लघवीच्या नळीची स्वच्छता यांत घरच्यांनी कंटाळा करू नये.

हा आजार विरळा आहे. दहा लाख लोकांत वर्षाला एक ते आठ, असे त्याचे प्रमाण मानतात. २०११च्या जनगणनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. म्हणजे वर्षाला तीन ते पंचवीस रुग्ण. गल्लीतल्या डॉक्टरांना असा रुग्ण उभ्या कारकिर्दीत एखादाच दिसायचा, त्यामुळे सारा दोष त्यांना देणे न्यायाचे नाही. उणीव आहे ती व्यवस्थेची.

देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये आढळला. तरीही १५ वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडला, तर त्याची नोंद होते, शौचाचे दोन नमुने तपासले जातात. पंचविशीतल्या नोकरदाराचे पाय गेले, तर अशी पाळत कोणी ठेवत नाही. आमचे म्हणणे असे की, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांत तापाच्या प्रत्येक केसपेपरवर दोन प्रश्नांचा शिक्का असावा : पाय जड झाले आहेत का? लघवी साफ होते का? उत्तर वाईट आले, तर त्याच दिवशी एमआरआय कोठे होईल आणि मेंदूविकारतज्ज्ञ कोठे भेटतील, हे लेखी ठरलेले असावे. याला मोठा खर्च नाही.

तो शिक्का येईल तेव्हा येवो. तोवर वाचकहो, हे दोन प्रश्न आपणच घरातल्या तापकऱ्याला विचारावेत, ताप उतरल्यावरही महिनाभर.