ढोल, फर्स्ट इयर आणि शंभर मीटर

इंजिनीअरिंगचं फर्स्ट इयर एकदाच होतं (केटी लागली नाही तर!). माझं मात्र दोनदा झालं. एकदा कॉलेजात, आणि गेल्या वर्षी लालबागच्या एका ढोल-ताशा पथकात. पहिल्यात मॅथ्सने रडवलं, दुसऱ्यात कंबरेने.

आषाढात वाद्यपूजन झालं. मला वाटलं, आता ढोल मिळणार. कसलं काय! पहिला महिना नवीन पोरांनी दोऱ्या ओढायच्या, पान ताणायचं, पाण्याचे कॅन भरायचे. मग एकदाचं उजव्या हातात टिपरू आलं आणि डाव्या हाताने थापी मारायला शिकले. बोटांना चिकटपट्ट्या, कानात कापूस, आणि लेक्चरला झोप. इथे कागदावर काही लिहिलेलं नसतं. ठेका तोंडाने म्हणायचा, मग हाताने. पुढे ताशा बोलतो, ढोलांनी फक्त ऐकायचं.

मी कॉन्व्हेंटची. शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. आमच्या सिस्टरांनी पहिला अख्खा आठवडा फक्त ‘हॉल्ट’ शिकवला होता. शिट्टी झाली की हात आणि पाय दोन्ही बंद. तेव्हा आम्ही फार हसायचो. पथकात मात्र मला सगळे ठेके आले, ‘हॉल्ट’ कोणी शिकवलाच नाही.

गणपतीच्या आधीचा रविवार. परळच्या कार्यशाळांतून मोठ्या मूर्ती निघत होत्या, रस्त्यात मुंगी शिरायला जागा नाही. आम्ही आगमनाला वाजवत होतो. या भागात केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राचे पेशंट इथेच. एका हॉस्पिटलचं फाटक आलं, पथकप्रमुखांनी मूठ वर केली, ताशा थांबला. मी तिसऱ्या रांगेत. मला दिसलं नाही, आणि माझ्याच आवाजात ऐकूही आलं नाही. सगळं शांत झाल्यावर माझे दोन ठोके पडले. धाड, धाड! फाटकाशी एक काका एका हातात टिफिन आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर नियम शोधले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत हॉस्पिटलभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून आहे. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो पट्टा सरकारने जाहीर करावा लागतो. पण जाहीर झाला नाही म्हणून पेशंटचं डोकं दुखायचं थांबतं का? म्हणजे माझे दोन ठोके चुकलेच, पण अख्खं पथकही चुकलंच होतं. आम्ही थांबलो ते फाटकाशी. थांबायला हवं होतं शंभर मीटर अलीकडे.

आता थोडं आपल्या भाषेत. ढोल दुप्पट केले तर आवाज वाढतो साधारण ३ डेसिबल. कानाला हा फरक जेमतेम कळतो. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं तर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. परळच्या गल्लीत दोन्ही बाजूंना इमारती असल्यामुळे तेवढाही उतरत नाही. म्हणजे ‘आमचे साठ ढोल, त्यांचे शंभर’ या फुशारकीत दम नाही, आणि नुसत्या आकड्यावर बंधन घालूनही फार काही साधत नाही. पुण्यात हरित लवादाने एका पथकात तीसच जण अशी मर्यादा घातली होती, तिला सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. माझ्या मते किती वाजवता यापेक्षा कुठे आणि किती वेळ वाजवता, हे जास्त महत्त्वाचं.

आमच्या पथकातली पोरं म्हणतात, “डीजेवाल्यांना सांग ना आधी!” मान्य, त्यांनाही सांगायलाच हवं. डीजेचे हात दुखत नाहीत, आमचे दुखतात. पण शेजारचा कॉपी करतो म्हणून आपणही करायची, असं व्हायवात सांगून चालतं का?

गैरसमज नको, पथकं बंद करा असं मी म्हणत नाही. अनंत चतुर्दशीला लालबागहून चौपाटीकडे निघालेली गर्दी आतून पाहिली. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, कंबरेला ढोल बांधून वाजवला, तेव्हा चाळीच्या गॅलरीतून आज्या हात हलवत होत्या. १९९९ मध्ये डोंबिवलीत स्वागतयात्रा सुरू झाली, ती पुढे गिरगावातही रुजली, ती अशा आज्यांमुळेच. असा आनंद मला कुठल्याच फेस्टमध्ये मिळाला नाही. म्हणूनच हे लिहितेय. लोकांनी कान झाकून आपल्याला सहन करावं, असं मला नकोय.

माझं म्हणणं एवढंच. नवीन पोरांना टिपरू देण्याआधी थांबायला शिकवा. हॉस्पिटलच्या शंभर मीटर अलीकडे एक जण शिट्टी घेऊन पुढे पाठवा, आणि तेवढा रस्ता मूर्तीसोबत नुसतं चाला. आणि हो, गॅदरिंगला आपल्या गेटवर पथक बोलवायचं घाटतंय असं ऐकते. जरूर बोलवा, मीही वाजवीन. फक्त हॉस्टेलच्या खिडक्या गेटपासून किती मीटरवर आहेत, ते आधी कोणीतरी मोजा. तापाने फणफणलेलं एखादं पोर आत असतंच.

यंदा आमच्या पथकात नवीन पोरं येतील. मूठ वर झाली की थांबायचं, हे त्यांना मी शिकवणार आहे. सिस्टरांसारखा अख्खा आठवडा!