पावसाआधीचा मागचा टायर
क्रूझरचा मागचा टायर बदलताना वसई-विरारकराने आधी पाऊस पाहावा, रुबाब मग. कायद्याने दुचाकीच्या टायरला ०.८ मिमी नक्षी पुरते. पण नालासोपाऱ्यात साचणारे पाणी आणि महामार्ग ४८चा ओला पृष्ठभाग त्या मापाला जुमानत नाहीत. खाचांतून पाणी निघून गेले नाही, तर वेगात रबर रस्त्याला नीट टेकतच नाही. म्हणून दोन मिमीच्या आसपास, तेही मे महिन्यातच, टायर उतरवणे मला शहाणपणाचे वाटते. ‘रुंद टायर जास्त पकडतो’ हा गॅरेजातला सल्ला इथे उलटाच पडतो. मिटिओर ३५० या क्रूझरच्या मागच्या टायरचे माप १४०/७०-१७. त्याच रिमवर त्याहून बराच रुंद टायर चढवला की त्याची गोलाई बिघडते, वळणावर गाडी जड लागते आणि पाण्यावर टायर लवकर तरंगतो. खर्चाचा आक्षेप खरा आहे. पण बहुधा मागचाच टायर आधी झिजतो, पुढचा चांगला असेल तर राहू द्यावा. मात्र टायरच्या बाजूवरचे निर्मितीचे चार आकडे वाचाच: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. बसवताना बाणाची दिशा, चाकाचे बॅलन्सिंग आणि चेनची रेष दुकानातच, आपल्यासमोर तपासून घ्यावी.